पाठकोरी कार्डं

इथल्या महाराष्ट्र मंडळात नवीन जोडपं आलं की ओळखी करून देताना मला कोणीतरी विचारतंच, "काकू, तुम्ही इथे नोकरी केलीत का?" मी सांगते, पोलिसात होते. मग जरा थांबते, कारण पुढचा प्रश्न काय येणार ते मला ठाऊक असतं. बंदूक होती का? नव्हती. माझ्याकडे इलेक्ट्रिकचा टाइपरायटर होता आणि पोलादी कपाटं भरून कार्डं होती. त्या कार्डांनी एकदा एका माणसाची नोकरी जवळजवळ घालवली. कार्डांनी कशाला, मीच. नोकरीच्या गमतीजमती मी सगळ्यांना सांगते, हा भाग मात्र गाळते. आता लिहायलाच बसलेय तर गाळणार नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या पुढे, रेल्वेच्या रुळांना लागून एक लहान गाव आहे, तिथे आम्ही घर घेतलं होतं. गावाचं नाव लिहीत नाही, त्यातली काही माणसं अजून आहेत. गावाचं स्वतःचं पोलीस खातं होतं. खातं म्हणजे काय, चीफ धरून अकरा माणसं, फोन घेणाऱ्या तिघी, आणि टाउन हॉलच्या तळघरात मी. मी कॉलेजात गेलेले नाही. मॅट्रिक आणि लग्न यांच्या मधल्या दिवसांत टायपिंगची परीक्षा तेवढी दिली होती, इंग्रजी चाळीसची. ती इथे उपयोगाला आली. बाकीचं इंग्रजी लायब्ररीतून, टीव्हीवरून आणि त्या कार्डांवरून शिकले. 'संशयित इसम पायी पळून गेला' हे मला इंग्रजीत आधी आलं, 'तुमचा स्वेटर छान आहे' नंतर.

काम असं होतं. कोणी पोलिसांना फोन केला की वरची बाई चिठ्ठीवर लिहून घ्यायची. गाडी जायची, परत आली की ऑफिसर त्याच चिठ्ठीवर काय झालं ते खरडायचा. दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्याकडे. एका फोनला एक कार्ड. पोस्टकार्डाच्या दुप्पट, जाड, पिवळसर. वर पत्ता, खाली वेळ, कोण गेलं, काय केलं. त्याच घरातून त्याच कारणाने दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन आला तरी नवीन कार्ड. आणि प्रत्येक कार्डाची मागची बाजू कोरी करकरीत.

आता मला सांगा, माझ्यासारख्या बाईने हे कसं बघायचं? आमच्याकडे पाठकोरा कागद कोणी फेकला तर वडील दोन दिवस त्याच्याशी बोलायचे नाहीत. लग्नपत्रिकांच्या मागे वाण्याच्या याद्या, कॅलेंडरच्या मागे माझी गणितं, आलेली पाकिटं उलटी करून पुन्हा चिकटवलेली. इथे येऊनसुद्धा बँकेच्या पाकिटांचे चौकोन कापून मी फोनपाशी ठेवायचे.

मी लागले त्याच वर्षी चीफनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, गावाचं कौन्सिल खर्चाला कात्री लावायला सांगतंय. गाडी उभी असताना इंजिन बंद करा, दिवे मालवा, कागद जपून वापरा. बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि विसरून गेले. मी मनावर घेतलं. एखाद्या पत्त्यावरून त्याच कारणाचा पुढचा फोन आला की मी जुनं कार्ड काढायचे, उलटं करून टाइपरायटरला लावायचे आणि मागे एक ओळ टाइप करायचे. तारीख, वेळ, कोण गेलं. एका पाठीवर वीसेक फोन सहज मावायचे. एका घराचं सगळं एका जागी, शोधायलाही सोपं. कोणाला विचारलं नाही. यात विचारण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही.

वर्षअखेरीला चीफ स्वतः तळघरात आले. उंच माणूस, पायऱ्या उतरताना डोकं वाकवायला लागायचं. म्हणाले, "मॅम, कार्डांचं बिल निम्म्यावर आलंय. काय जादू केलीत?" मी म्हटलं, जपून वापरते. त्यांनी पुढे विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी वरच्या नोटीस बोर्डावर त्यांच्या अक्षरात चिठ्ठी लागली, 'काटकसर रेकॉर्ड्सकडून शिका.' ती तिथे दोनतीन वर्षं होती. खोटं कशाला बोलू, ती बघायला मी कधीकधी वर काहीतरी काम काढून जायचे.

मग कौन्सिलवर नवीन माणसं निवडून आली. त्यांचं म्हणणं, एवढ्याशा गावाला स्वतःचे पोलीस परवडतात का, काम चोख होतंय का, हे बाहेरच्या कोणाकडून तपासून घ्या. नाहीतर माणसं कमी करा, नाहीतर काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, शेरीफला पैसे देऊन त्याचे पोलीस आणा. शिकागोकडच्या एका युनिव्हर्सिटीतल्या प्राध्यापकाने हे काम घेतलं. आणि त्याने तपासायला पाठवलं कोणाला, तर एका मराठी मुलीला.

मुलगी म्हणजे तिशीची असेल. नागपूरहून इंजिनियर होऊन आलेली, इथे पीएचडी करत होती. तळघराच्या पायऱ्या उतरताना मला बघून थबकली, माझ्या उघड्या डब्याकडे बघितलं आणि सरळ मराठीत म्हणाली, "लसणाची चटणी आहे नं?" त्या दिवसापासून ती यायची असली की मी दोन पोळ्या जास्त न्यायला लागले.

मी तिला विचारलं, "काय गं, पोलिसांना मार्क कसे देतात? चोर किती पकडले त्यावर?"

"चोर आहेतच कुठे काकू तुमच्या गावात? फोन किती आले, पोचायला किती मिनिटं लागली, एका शिफ्टमधे माणूस किती वेळ कामात आणि किती वेळ नुसता बसून, ते बघायचं. मग वर्षाचा सगळा खर्च घ्यायचा. पगार, ओव्हरटाइम, गाड्या, पेट्रोल, पेन्शन. त्याला फोनांनी भागलं की एका फोनला किती पडले ते निघतं. शेजारच्या गावांशी ताडून बघायचं."

"आणि जास्त पडले तर?"

"तर कौन्सिल विचारणार, एवढी माणसं बसवून काय करून राहिले तुम्ही?"

तिच्याकडे गाडी नव्हती. ट्रेनने येऊन, बर्फातून चालत ती किती वेळा येणार? म्हणून युनिव्हर्सिटीने वर्षभराच्या कार्डांचे फोटो फिल्मवर काढून घ्यायचं ठरवलं. दोन माणसं मशिन घेऊन आली आणि दोन दिवस माझ्यासमोर बसून कार्डं सरकवत राहिली. मी त्यांना चहा दिला. कार्डं उलटत नाहीयेत हे मला समोर दिसत होतं आणि माझ्या डोक्यात काही आलं नाही. हे मला अजून टोचतं.

हिवाळा सरत आला असताना, एका गुरुवारी दुपारी अहवाल आला. कौन्सिलची मीटिंग पुढच्या मंगळवारी. मला प्रती काढायला सांगितल्या. आमचं झेरॉक्स मशिन इतकं हळू की पान बाहेर येईपर्यंत पान वाचून व्हायचं. शब्द सभ्य होते. फोनांच्या मानाने खर्च फार, शेजारच्या सगळ्या गावांपेक्षा जास्त. दुपारच्या शिफ्टच्या दोन गाड्यांपैकी एकीला पुरेसं काम नाही. एक पद कमी करावं, आणि वर्षभरात सुधारणा नाही झाली तर शेरीफचा विचार करावा.

पद कमी करायचं म्हणजे शेवटी लागलेला आधी जाणार, असा नियम. शेवटी कोण लागलं होतं ते मला कपाटात बघावं लागलं नाही. दुपारचाच ऑफिसर. त्याला नुकती जुळी झाली होती, म्हणून मी घरी त्याला जुळ्यांचा बाबा म्हणायचे. मला बर्फात गाडी चालवायला त्याने शिकवलं होतं, टाउन हॉलच्या मोकळ्या पार्किंगमधे, स्वतःच्या जेवणाच्या सुट्टीत. "ब्रेकवर उभ्या राहू नका बॉस," म्हणायचा. तो मला बॉस म्हणायचा.

मी पानं काढत राहिले. शेवटी एक तक्ता होता, गल्लीवार फोन. रुळांजवळच्या एका गल्लीपुढचा आकडा बघून मी मशिन बंद केलं. त्या गल्लीत एक म्हातारी एकटी राहायची. तिचा दिवसाआड फोन यायचा, अंगणात कोणीतरी आहे. अंगणात कोणी नसायचं. जुळ्यांचा बाबा जायचा, अंगणाला फेरी मारायचा, दारं-खिडक्या ओढून बघायचा. तिचे एकटीचे फोन त्या सगळ्या गल्लीच्या आकड्याहून कितीतरी जास्त होते.

मी कपाटातून तिचं कार्ड काढलं. पुढे एक फोन. उलटं केलं, मागे माझंच टायपिंग, गच्च. त्याला लागून दुसरं कार्ड, तेही तसंच. पुढची सगळीच. मी ते पहिलं कार्ड पुन्हा पुढून बघितलं, पुन्हा मागून. फिल्मवर फक्त पुढची बाजू गेली होती. कपाट बंद केलं, उरलेल्या प्रती काढल्या, स्टेपल केल्या, वर नेऊन दिल्या आणि घरी आले.

आमच्या ह्यांची नोकरी आदल्या उन्हाळ्यात गेली होती. कारखाना बंद पडला होता. घरातल्या चौघांचा दवाखान्याचा विमा माझ्या नोकरीवर होता. भांडी घासता घासता मी त्यांना सगळं सांगितलं.

"कोणाला कळलंय?"

"नाही."

"मग कळायचं कशाला? मोजणी त्यांनी केली. उलटून बघायचं होतं."

"अहो, त्याची नोकरी जाईल."

"आणि तुझी?"

आमची मोठी फ्रिज उघडून उभी होती, हायस्कूलमधे होती तेव्हा. म्हणाली, "जस्ट टेल देम, आई."

"तुला काय जातंय सांगायला."

"लायब्ररीचं पुस्तक हरवलं तेव्हा यू मेड मी टेल. इन फ्रंट ऑफ एव्हरीबडी."

हे तिला फ्रिज बंद कर म्हणून ओरडले. विषय तिथे संपला, म्हणजे त्यांच्यापुरता.

शुक्रवारी मी कामावर गेले आणि आठ तास कार्डं टाइप केली. किती वेळा चुकले आणि पांढरी शाई लावून खोडलं त्याला गणती नाही. शनिवारी सकाळी फ्रिज धुतला, इस्त्रीच्या साड्यांना पुन्हा इस्त्री केली, फोडणी दोनदा जाळली. एका जागी बसवेना. बसलं की वाटायचं उठावं, उठलं की कशाला उठले ते आठवायचं नाही. दुपारी दूध आणते म्हणून गाडी काढली. घरात दोन गॅलन दूध होतं. दुकान डावीकडे, मी उजवीकडे वळले, रूळ ओलांडले आणि त्या गल्लीत गेले.

पोलिसांची गाडी उभी होती. मी मागे, जरा लांब थांबले. म्हातारी खिडकीत उभी राहून काचेवर बोट टेकवून दाखवत होती, तिकडे, आणि जुळ्यांचा बाबा गुडघाभर बर्फातून तिकडे जाऊन झुडुपामागे बघत होता. मग तिने दुसरीकडे बोट दाखवलं. तो तिकडे गेला. नुसतं बघितल्यासारखं करून परत फिरला नाही हो, वाकून, फांदी बाजूला करून बघितलं. मग तिच्याकडे वळून दोन्ही हात पसरले, कोणी नाही. तिने मान हलवली आणि पडदा सोडला. मी गाडीतून उतरले नाही. दूधही आणलं नाही.

सोमवारी सकाळी तो शिफ्टच्या आधी तळघरात आला. हातात पिवळ्या वहीची दोन पानं. "बॉस, एक खाजगी काम आहे. टाइप करून द्याल?" शेजारच्या मोठ्या गावात जागा होती, तिथे पाठवायचा अर्ज होता. स्पेलिंग भयंकर. मी कागद लावला. जन्म, शाळा, सैन्यातली दोन वर्षं. मग 'सध्याचं काम' आणि पुढे काही नाही.

"हे कोरं का?"

"काय लिहू? अहवालात लिहिलंय मी बसून असतो." तो हसत होता. "'खुर्चीवर बसण्याचा अनुभव' असं लिहा."

"तू त्या म्हातारीकडे किती वेळा गेलास?"

"मला कशाला विचारता? टाइप तुम्ही केलंत, तुम्हालाच माहीत."

त्याने सहज म्हटलं. मी मशिन बंद केलं आणि उठले. त्याला वाटलं मला राग आला. "बॉस, घाई नाही," असं मागून म्हणाला. मी कपाटातून म्हातारीची कार्डं काढली आणि जिना चढले. नोटीस बोर्डाजवळून जाताना मान खाली घातली.

चीफ फोनवर होते. मी बसले नाही. फोन ठेवल्यावर पहिलं कार्ड त्यांच्यासमोर ठेवलं आणि उलटं केलं. मग दुसरं. माझं सगळं इंग्रजी त्या क्षणी पळून गेलं होतं, तोंडातून एवढंच निघालं, "मागे. मोजलं नाही. मी लिहिलं."

त्यांनी सगळी कार्डं वाचली. पुन्हा उलटी केली.

"अशी किती आहेत?"

"पुष्कळ."

"कधीपासून?"

"तुम्ही कागद वाचवा म्हणालात तेव्हापासून."

त्यांनी कार्डं एकावर एक नीट रचली. त्यांच्या डोक्याच्या मागे घड्याळ होतं, त्याचा काटा एकेक उडी मारत होता. मग म्हणाले, "मॅम, या खात्यात माझं म्हणणं ऐकलं ते फक्त तुम्ही. आणि त्यानेच मी बुडत होतो." हसले नाहीत. फोन माझ्याकडे सरकवला. "त्या मुलीला बोलवा."

मी मराठीतच बोलले. चीफ समोर बसून ऐकत होते, एक अक्षर कळत नसताना. पलीकडे तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काकू, पाठकोरं? तुम्ही पोलिसांची कार्डं पाठकोरी म्हणून वापरली?"

"हो गं."

"माझ्या सरांनी सही करून दिलाय तो रिपोर्ट. माझं नाव आहे त्यावर." आवाज चढला होता. "मी दहा वेळा तुमच्यासमोर बसून जेवली. एकदा तरी बोलायचं नं."

"मला कळलं असतं तर बोलले नसते का?"

मला तिच्या मागे कोणीतरी टाइप करत असल्याचा आवाज येत होता. शेवटी म्हणाली, "मीही एक कार्ड उलटून बघितलं नाही. माझे बाबा पोस्टात होते. पाठकोऱ्यांच्या वह्या शिवून द्यायचे मला." मग, "अकराची ट्रेन पकडते. मोजायला बसा तोवर. आणि पोळी ठेवा माझ्यासाठी."

तो सोमवार आणि मंगळवारची दुपार आम्ही दोघी तळघरात कार्डं उलटत बसलो. ती वाचायची, मी रेघा मारायचे, पाचाच्या गठ्ठ्यांनी. तिने पहिल्या दिवशी माझ्याशी कामापुरतंच बोलणं केलं. दुसऱ्या दिवशी चटणी मागितली. आकडा वाढत गेला, तसतसे एका फोनचे पैसे खाली आले. शेजारच्या गावांच्या बरोबरीला नाही, पण जवळ. दुपारची दुसरी गाडी तर जवळजवळ सारखी फिरत होती, रुळांच्या त्या बाजूला.

मंगळवारी संध्याकाळच्या मीटिंगला तिने नवीन तक्ता वाचला आणि मागचा का चुकला ते सांगितलं. माझं नाव घेतलं नाही, 'नोंदींच्या पद्धतीमुळे' म्हणाली. मला वाटलं सुटले. पण कौन्सिलमधले एक गृहस्थ म्हणाले, हे मागच्या बाजूचे फोन कसले आहेत? म्हातारीच्या अंगणात कोणी नसताना जाऊन बघायचं, हे पोलिसांचं काम आहे का? हे फोन मोजायचे कोणी ठरवलं?

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. ती तिच्या कागदांत. चीफ माझ्याकडे. मागच्या भिंतीपाशी दुपारचा ऑफिसर उभा होता, टोपी हातात. मी उठले. साडीवर जाड कोट तसाच होता.

"मी ठरवलं," म्हटलं. "फोन वाजला. ती घाबरलेली होती. हा गेला. मी टाइप केलं. अंगणात कोणी नव्हतं ते गेल्यावर कळलं ना? आधी कसं कळणार?"

ते म्हणाले, रोजच नसतं तर कळायला हवं.

मी म्हटलं, "तुम्ही ठरवा मग. कितव्या दिवसापासून जायचं नाही ते लिहून द्या. मी टाइप करून देते."

मला उद्धटपणा करायचा नव्हता. खरोखर टाइप करून दिलं असतं. पण कोणी लिहून दिलं नाही. अर्धा तास त्यांचं त्यांच्यात चाललं, आणि पद एक वर्षासाठी ठेवलं. मी बाहेर पार्किंगमधे आले तर हे गाडी गरम करून बसले होते. दारात बूट काढताना विचारलं, "मग? आहे का नोकरी?" मी म्हटलं, सकाळी कळेल.

सकाळी चीफनी मला ताकीद दिली. लेखी द्यावी लागेल म्हणाले, फायलीला लावायला, आणि टाइप करायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून ती मीच टाइप केली. त्यांनी सही केली. बोर्डावरची चिठ्ठी दुपारपर्यंत निघाली होती. ती कोणी काढली ते मी विचारलं नाही.

त्या माणसाचा अर्ज माझ्या टाइपरायटरमधे अर्धा राहिला होता. 'सध्याचं काम' याच्यापुढे मी आता चांगल्या चार ओळी टाइप केल्या आणि त्याला दिला. नको म्हणाला, आता राहतोय इथेच. तरी घेऊन ठेव म्हटलं. त्याने ठेवला, आणि पुढच्या वसंतात तोच कागद पाठवून शेजारच्या मोठ्या गावात गेला. पगार जास्त, आणि तिकडे त्याच्या बायकोची आई होती, जुळ्यांना बघायला. केक कापला, मी शंकरपाळे नेले. मला आठवडाभर राग होता त्याचा. कशाचा, ते सांगता येणार नाही. तो बरोबरच वागला.

पद मात्र राहिलं. त्याच्या जागी नवीन माणूस आला. म्हातारीचा फोन यायचा, तो जायचा, झुडुपामागे बघायचा की नुसती फेरी मारायचा ते मला माहीत नाही. माझ्याकडे चिठ्ठी यायची. मी नवीन कार्ड घ्यायचे, वर पत्ता, खाली वेळ, अंगणात कोणी नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा नवीन कार्ड. तिची कार्डं एका खणात मावेनाशी झाली. प्रत्येक कार्ड कपाटात ठेवण्याआधी मी ते एकदा उलटं करून बघायचे. मागची बाजू कोरी असायची, सबंध. हात नुसते शिवशिवायचे.